एक शब्द न बोलता गेला

प्रिय डावऱ्या,

या नावाने मी तुला आजवर एकदाही हाक मारली नाही. सगळं गाव मारायचं, मैदानावरची पाच हजार माणसं एका सुरात ओरडायची, आणि मी म्हणायचे, पोराला आईबापांनी धड नाव ठेवलं आहे, डाव्या पायाने चेंडू मारतो म्हणून ते बदलायचं कशाला? पण गेल्या चार महिन्यांत हे नाव मी माझ्या हाताने इतक्या शर्टांवरून उसवलं आहे, की निदान एकीने तरी ते लिहावं असं वाटलं. फोन करत नाही, कारण फोनवर तू "हं" म्हणतोस, मी "बरं" म्हणते, आणि दोघंही "जेवलास का, जेवलीस का" यावर येऊन थांबतो. मला जे सांगायचं आहे ते तसं सांगण्याजोगं नाही. आज सोमवार, दुकान बंद. कापायच्या टेबलावरचं कापड बाजूला सारून लिहायला बसले आहे. तूही बसून वाच, सरावाला निघता निघता उभ्याने वाचू नकोस.

तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. नव्या टीमचा शर्ट हातात धरून तू उभा. तू हसत नव्हतास हे मी पाहिलं, बाकीच्यांनी फक्त शर्टाचा रंग पाहिला. दुकान उघडायला गेले तर दारात सलूनवाला. शर्ट त्याच पेपरात गुंडाळून आणलेला. "आत्या, एवढं नाव काढून द्या." तुझ्यामुळे मी सगळ्या गावाची आत्या झाले, ते अजून कोणी काढून घेतलेलं नाही. मी म्हटलं, "नाव काढायचं की शर्ट टाकून द्यायचा?" तर म्हणतो, "शर्ट टीमचा आहे, नाव तेवढं त्याचं." दोन वर्षं त्याने तुझ्यासारखे केस कापून 'डावऱ्या कट' म्हणून मिरवलं होतं. मी विचारलं, त्याचं आता काय करणार? "कट तोच ठेवलाय, आता साधा कट म्हणतो." मला हसू आलं, त्यालाही आलं, आणि मग चिडल्यासारखी मी कात्री उचलली आणि चिडल्यासारखाच तो बाकावर जाऊन बसला.

मी नावं दुहेरी शिलाईने बसवते, धुऊन धुऊन निघू नयेत म्हणून. माझ्याच चोख कामाचा मला इतका राग कधी आला नव्हता. एकेक टाका उचलून कापायचा, खालचं कापड फाटू द्यायचं नाही. एका नावाला पाऊण तास जातो. आणि नाव निघालं तरी जात नाही. आजूबाजूचं कापड उन्हाने विटलेलं असतं आणि अक्षरांखालचं तसंच गडद राहिलेलं, त्यामुळे लांबूनही वाचता येतं. सलूनवाला म्हणाला, "अजून दिसतंय की." मी म्हटलं, "दोन वर्षं घालून फिरलास, आता दोन वर्षं थांब." तो गेला आणि दुपारपर्यंत आणखी चार आले. आठवड्याभरात तर रांग लागली. काही लोक मुद्दाम मोठ्याने बोलायचे, मला ऐकू जावं म्हणून. काही मान खाली घालून शर्ट ठेवायचे आणि नाव कुणाचं ते न सांगता म्हणायचे, "हे एवढं." तिकीटखिडकीवरच्या बाई तीनदा आल्या. तिन्ही वेळा शर्ट टेबलावर ठेवला, घडी मोडली, पुन्हा घातली, आणि "राहू दे आत्या, आज नको" म्हणून परत नेला.

एक सांगते, हे लोक तू गेलास म्हणून रागावलेले नाहीत. इथून सगळेच जातात. हेडमास्तरांचे दोन्ही मुलगे गेले, सलूनवाल्याचा भाऊ गेला. मोठी टीम, मोठं मैदान, कोण नाही म्हणेल? प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य आहे, इतकं एकसारखं की कुणी पाठ करून घेतलं असावं: एक शब्द न बोलता गेला. तिकिटवाल्या बाई म्हणाल्या, "नऊ वर्षं रोज माझ्या खिडकीवरून आत जायचा. भाड्याच्या खोलीतला माणूससुद्धा निघताना येतो म्हणतो." दोरा बदलायचा आहे असं सांगून आत गेले. दोरा बदलायचा नव्हता.

तुझ्या बाबांबद्दल तू दर वेळी विचारतोस आणि मी दर वेळी "बरे आहेत" म्हणते. ते बरे नाहीत. तब्येत ठणठणीत आहे, पण बरे नाहीत. बावीस वर्षं मैदानाची बस चालवली. सामन्याच्या दिवशी बसभर गाणी, आरडाओरडा, पायदानावर लटकलेली माणसं, आणि स्टिअरिंगवर बसून हा बाबा जणू सगळी वरात आपलीच आहे अशा थाटात. तू गेल्यानंतरच्या पहिल्या सामन्याला बस तशीच भरली, पण कुणी गाईना. मग मागून एकाने विचारलं, "ड्रायव्हरसाहेब, शेवटच्या स्टॉपपर्यंत नेणार ना? का मधेच दुसऱ्या बसमध्ये चढणार?" सगळी बस हसली. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, माझ्याकडे जेवताना, हसत हसत, नक्कल करून. सांगून झाल्यावर अर्ध्या ताटावरून उठले. पुढच्या आठवड्यात डेपोत अर्ज देऊन रूट बदलून घेतला. आता दवाखाना ते बाजार अशी गाडी नेतात. म्हणतात, "पेशंट लोक बरे, ते आपल्याच दुखण्यात असतात."

तुझ्यावर त्यांचा राग नाही हेही लिहून ठेवते, कारण ते तुला कधी सांगणार नाहीत. तू जाणार हे त्यांना ठाऊक होतं, त्यांनीच तुझी बॅग खाली आणली. पण मागच्या महिन्यात एकदा चहा पिताना म्हणाले, "ताई, त्याने लोकांसाठी नुसत्या चार ओळी लिहिल्या असत्या ना, तर मी त्या बसमध्ये चिकटवल्या असत्या. बोलायला तोंड तरी राहिलं असतं." मी माझा कप उचलला आणि विसळायला गेले. तो आधीच विसळलेला होता.

तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि मी तुला वाढवलं, हे मी कधी बोलून दाखवलं नाही, आजही उपकार म्हणून सांगत नाही. वेगळ्या कारणासाठी सांगते आहे. मी त्या काळात कॉलेज पुरं केलेली, आणि शेवटी शिलाई मशीनवर बसलेली बाई. शिकलेलं कुठेतरी खर्च व्हायला हवं, ते सगळं मी तुझ्यावर केलं. तुझे निबंध मी तपासले, रजेचे अर्ज मी तपासले, क्लबचा पहिला करार ओळ न ओळ वाचून मीच तुला सही करायला सांगितली. पेपरवाल्यांना काय उत्तर द्यायचं तेही तू आधी मला म्हणून दाखवायचास. मी म्हणायचे, "लांबण लावू नकोस. रडगाणं नको. कुणाला काही मागायचं नाही." तू तसलं वाक्य काढून टाकायचास. आठवीत असताना तू लिहिलं होतंस की आई नसल्यामुळे तुला डबा उघडताना वाईट वाटतं. मी त्यावर लाल रेघ मारली आणि लिहिलं, विषयाला सोडून आहे. तू न कुरकुरता खोडलंस. तुझ्या त्या निमूटपणाचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

आता येत्या रविवारचं सांगते. तुझी टीम इथे येणार म्हणून शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. शर्टांचं काम माझ्याकडे, म्हणून मलाही बोलावणं होतं. तिसऱ्या रांगेत बसले होते. कुणी म्हणालं, चेंडू तुझ्याकडे आला की शिट्ट्या मारू. कुणी म्हणालं, उसवलेली नावं गोळा करून मैदानात फेकू, आत्यांकडे पिशवीभर असतील. खरंच आहेत, मी टाकलेली नाहीत. सलूनवाला म्हणाला, "फेकाफेकी नको. त्याची म्हातारी आत्या गोळा करत बसेल." त्यावर सगळे माझ्याकडे पाहून हसले, वाईट अर्थाने नव्हे. मग हेडमास्तर उठले. तुझे तेच हेडमास्तर, जे तुला सामन्यासाठी परीक्षेतून सोडायचे. म्हणाले, "तो आपल्याशी बोलला नाही, आपणही बोलायचं नाही. तो मैदानात आला की सगळ्यांनी उठायचं आणि पाठ फिरवून उभं राहायचं. तो आत असेपर्यंत." हॉलभर हात वर झाले. तिकिटवाल्या बाईंचाही झाला, जरा उशिराने. कुणीतरी विचारलं, "आत्या, तुमचं काय?" मी म्हटलं, "शर्ट गुरुवारी तयार होतील." आणि घरी आले.

मागच्या फोनवर मी तुला विचारलं होतं, इथे येशील तेव्हा जुन्या लोकांना भेटणार का. तू म्हणालास, "मला जे सांगायचं होतं ते माझं सांगून झालंय, आत्या. एकानेही उत्तर दिलं नाही. आता मला कुणाचं तोंड बघायचं नाही." मी म्हटलं, "बरं." त्या "बरं"पासून मला धड झोप नाही.

तर हे पत्र त्यासाठी. निघायच्या सकाळी तू मला पाकीट दिलंस आणि म्हणालास, चुका बघ आणि पेपरच्या कचेरीत देऊन टाक. दोन पानं होती. मी ती दिली नाहीत. तू लिहिलं होतंस की तुला जायची भीती वाटते. इथे तू वाईट खेळलास तरी टाळ्या पडतात, त्याची त्याहून जास्त भीती वाटते. सलूनवाल्याचं, खिडकीवरच्या बाईंचं, हेडमास्तरांचं, एकेकाचं नाव घेऊन तू माफी मागितली होतीस. माझ्यावर रागवा, पण बाबांच्या बसमध्ये आधीसारखे गात चढा, असं लिहिलं होतंस. मी वाचलं आणि मला लाज वाटली. तुझी नव्हे, असं तेव्हा वाटलं. आपल्या घरातलं माणूस चारचौघांत हात जोडतंय याची. म्हटलं, दोन दिवसांनी जरा नीट करून देऊ. दोन दिवसांनी तो फोटो आला. मग लोक चिडले, मग रांग लागली, आणि प्रत्येक उसवलेल्या नावागणिक ते पाकीट बाहेर काढणं जड होत गेलं. कुणाला कळलं तर आत्या काय म्हणून राहील, एवढाच विचार मी चार महिने केला. आज दुपारी तुझ्या बाबांना ती पानं वाचायला दिली. त्यांनी उभ्याने एकदा वाचली, बसून एकदा वाचली. "हे त्याने कधी दिलं?" एवढंच विचारलं. मी दिवस सांगितला. पानं टेबलावर ठेवून, चहा न घेता ते निघून गेले. अजून आलेले नाहीत, आणि मी बोलवायला जाणार नाही. तो हक्क आता त्यांचा आहे. तुझी दोन्ही पानं यासोबत परत पाठवते आहे. ती छापायची की फाडायची हे मी ठरवणार नाही. एकदा ठरवलं तेवढं पुरे झालं. गुरुवारी लोक शर्ट न्यायला येतील तेव्हा तुझ्या पत्रात काय होतं ते मी सांगणार नाही, पण पत्र होतं आणि ते मी दाबलं, हे टेबलापाशी उभी राहून प्रत्येकाला तोंडावर सांगणार आहे. ऐकून ते रविवारी काय करतील, मला ठाऊक नाही. काहीजणांची पाठ तरीही फिरेल. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण बाबांना आधी फोन कर. आणि तुझं सगळं वाचूनही गावाने तुला टाकलं असं मनात धरून त्या मैदानात पाऊल ठेवू नकोस. गावाने ते वाचलेलंच नाही.

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
आत्या