अधलं पाणी

४ मार्च

आल्या! आमच्या पहिल्या पाहुण्या — नात्यातल्या नाहीत, ओळखीच्या नाहीत, चक्क जाहिरात वाचून आलेल्या. दातांची एक डॉक्टर आणि तिची आई. सकाळपासून मी तीनदा चादरी बदलल्या. हे म्हणाले, "अगं, चादरींनाही जरा टेकू दे."

यांच्या संथपणावर मी जन्मभर करवादत आले. चहा प्यायला बसले की कप कंटाळतो, पण हे उठत नाहीत. आणि आता आमचा धंदा काय, तर संथ सुट्टी! खाडीपलीकडचं सासऱ्यांचं घर. गाडी येत नाही, मोटरची होडी नाही, दिवे उन्हावर चालणारे, भाजी परसातली, आणि पाहुण्यांनी आणलेला कचरा पाहुण्यांनीच परत न्यायचा. उत्साह माझा, संथपणा यांचा.

घर अर्धं वन्संचं. एका हॉटेलवाल्याला ते हवंय. खाडीवर पूल बांधणार, चाळीस खोल्या काढणार. वन्संनी सांगून ठेवलंय, "वहिनी, हा महिना थांबते. चाललं तर चाललं, नाहीतर मी सही करणार." त्यांची सही झाली की आमचं अर्धं घर घेऊन काय करायचं? चाळीस खोल्यांना रामराम घालत बसायचं?

नाही. चालवणारच!

५ मार्च

शाळेत आयुष्यभर कवायत शिकवली, ती अशी वाया जाईल का? आखणी तयार. पहाटे पक्षी. मग परसात खुरपणी. मग टोपली विणणं. मग खडकांवर शिंपले. दुपारी मीठ कसं करतात ते पाहायला पलीकडे. संध्याकाळी सूर्यास्त, टेकडीवरून. तिथून जास्त चांगला दिसतो.

डॉक्टर म्हणाली, "वा, बरंच काही आहे." खूश झाली वाटतं.

६ मार्च

तिची आई जेवताना झोपली. चमचा हातातच.

७ मार्च

व्हायचं तेच झालं. मिठागरातून परत येताना डॉक्टरने तोंड उघडलं. (दुसऱ्यांची उघडता उघडता आज स्वतःचं.) "काकू, रागावू नका. मी दवाखान्यात यापेक्षा जास्त बसते हो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात आम्ही पलीकडच्या तीरावर नावेशी पोचलो आणि समोर अधलं पाणी! भरतीला नाव चालते, ओहोटीला वाळूवरून चालत येता येतं. पण मधला जो काळ असतो, त्यात पायाला चिखल जास्त आणि नावेला पाणी कमी. तेव्हा जिथे असाल तिथे बसायचं, दुसरा इलाज नाही. नावाड्याला आम्ही 'बघू' म्हणतो, कारण काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर तेच. तो नावेत आडवा पडला होता. "किती वेळ रे?" "बघू."

संपलं, म्हटलं. आता या दोघी जाऊन जगभर आमची कीर्ती गाणार.

आई एका पालथ्या होडीला टेकली. डॉक्टरने चपला काढल्या. मी आखणीतलं पुढचं काहीतरी सांगणार, तोच यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली म्हणजे बघा! चिखलातून बारके खेकडे निघाले, वाकुल्या दाखवल्यासारखे नांग्या हलवून परत आत गेले. पाणी कधी सरलं कळलंच नाही. आई डोळे न उघडताच म्हणाली, "इतक्या लवकर?"

आखणी चुलीत घातली.

९ मार्च

गेल्या. शेवटचे दोन दिवस मी त्यांना काहीही दाखवलं नाही. जीभ चावून चावून दुखायला लागली. रोज अधलं पाणी आलं की मायलेकी आपल्या काठावरच्या मोडक्या होडीला टेकून हजर! निघताना आई म्हणाली, "थंडीत पुन्हा येऊ. पण बसायला नीट काहीतरी करा, होडी पाठीला टोचते."

पुन्हा येणार!! नाव दिसेनाशी झाल्यावर मी अंगणात दोन उड्या मारल्या. गुडघा लचकला. लचकू दे.

१५ मार्च

यांनी मोडक्या होडीच्या फळ्यांचा बाक केला. सहा दिवस लागले. मी एकदाही "झालं का?" म्हटलं नाही. (दोनदा म्हटलं.) आपल्या बाजूच्या काठावर ठेवलाय.

वन्संना फोन करून सगळं सांगितलं. म्हणाल्या, "वहिनी, पाहुणे तोंडदेखलं बोलतात. दातांची डॉक्टर तर सगळ्यांनाच 'पुन्हा या' म्हणत असेल." मग म्हणाल्या, शुक्रवारी येते, उभ्या उभ्या घर बघते आणि लगेच निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाला कागद घेऊन पलीकडे येणार आहे.

उत्साहाचा फुगा फुटला. हे म्हणाले, "येऊ दे की. तिचंच घर आहे."

२१ मार्च

वन्संचं वादळ आलं. एक हात फोनवर, एक हात कमरेवर. खोल्या पाहिल्या, दिवे लावून पाहिले, परसात नाक मुरडलं. "छान आहे. पण वहिनी, याच्यावर घर चालत नाही." चहासुद्धा अर्धा टाकून निघाल्या.

काठावर पोचल्या आणि पाहतात तो अधलं पाणी.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. आधी फेऱ्या मारल्या. फोन उंच धरून रेंज शोधली. बघूला दरडावलं, तो काय म्हणाला असेल ते मला इथूनही कळलं. मग बाकाच्या टोकावर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. हे जाऊन दुसऱ्या टोकाला बसले. लहानपणी ही दोघं याच काठावर पाणी भरायची वाट बघत बसायची म्हणे, सासूबाई सांगायच्या.

बऱ्याच वेळाने पाहिलं तर पर्स बाकाखाली होती. चपला पण.

पाणी भरलं तोवर अंधारलं. अंधारात नाव कोण घालणार? राहिल्या. जेवून तडक झोपायला गेल्या. मला भीती वाटते. हे घर गेलं तर मला फार लागेल, आज लिहूनच टाकते.

२२ मार्च

सकाळी खाडी काठोकाठ भरलेली. पलीकडे हॉटेलवाला कागद हातात घेऊन उभा, बूट पाण्यापासून लांब ठेवून. नाव तयार. वन्सं बाकावर, पाय वर घेऊन बसलेल्या.

बघू म्हणाला, "ताई, चला. पाणी आहे तोवर."

"जाऊ दे ही भरती," वन्सं म्हणाल्या. "दादा, जरा सरक. वहिनीला बसू दे."