मशीनची चप्पल

तीर्थरूप मामा, साष्टांग नमस्कार (तुमच्या लेकीकडे विश्रांतीला जाऊनही कंबर दुखतेच आहे असं कळलं, तेव्हा आशीर्वाद बसूनच द्या).

एखाद्या वस्तूला हात लावला की झिणझिण्या येतात हे कळल्यावर माणूस वायरमन बोलावण्याऐवजी रबरी चप्पल का विकत आणतो? एवढं इंजिनिअरिंग शिकूनही मला याचं उत्तर देता येत नाही.

आमच्या कपडे धुण्याच्या मशीनला स्वतंत्र चप्पल आहे, हे तुम्ही जाणताच. पाहुण्यांना आधी चप्पल दाखवतात, मग मशीन. पदवी घेऊन आल्यापासून मी सांगत होते, की न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, जमिनीला जोडायची ती एकदाच, वीज येते त्या टोकाला. पुढे घरात न्यूट्रल आणि अर्थिंग यांनी दोन जावांसारख्या वेगळ्या चुली मांडायच्या. पण वायरिंग करताना मशीनपर्यंत अर्थिंग पोचेना, म्हणून तुम्ही सॉकेटमध्येच वायरचा इवलासा तुकडा टाकून दोघींची चूल एक केलीत. ‘शेवटी दोघी जमिनीतच जातात ना’ हे तुमचं वाक्य बाबा अजून सुभाषितासारखं ऐकवतात. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट खरी, पण लाइटमामापुढे (हे नाव बाबांनीच ठेवलेलं) माझी पदवी भिंतीवर टांगण्यापुरती.

रविवारी सकाळी मशीन चालू असताना पंखा थांबला. बाबा म्हणाले, लाइट गेली. आईने लगेच चप्पल काढली (लाइट नाही तर चप्पल कशाला, हा घरचा नियम) आणि ओल्या फरशीवरून कपडे काढायला निघाली. शेजारच्यांचा मिक्सर मात्र घरघरत होता. म्हणजे वीज गल्लीत होती, बिघाड आमच्याच घरात.

"आई, तिथेच थांब."

मी ती चप्पल पायात सरकवली आणि मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावला. घरातले दिवे बंद आणि टेस्टर पेटलेला. बाबांनी विचारलं,

"अगं, लाइट नसताना करंट आला कुठून?"

"मामाच्या तुकड्यातून."

बोर्डातली न्यूट्रल सैल होऊन सुटली होती. मशीनमध्ये शिरलेल्या विजेला परतीची वाट उरली नाही, तेव्हा ती तुमच्या तुकड्यावरून पत्र्यावर येऊन बसली, आईच्या हाताची वाट बघत. बाबांनी मेन स्विच पाडला आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला विचारलं, "आता काय करायचं, तू सांग."

मामा, पदवीदान समारंभातही मला एवढं भरून आलं नव्हतं.

वायरमनने न्यूट्रल घट्ट केली, तुकडा काढला, वेगळी अर्थिंग ओढली, करंट गळला तर तत्क्षणी वीज तोडणारा ब्रेकरही बसवला. संध्याकाळी आईने अनवाणी कपडे धुतले, तेही शेजारणींना बघायला बोलावून.

कंबरेला जपा.

तुमची भाची

ता. क. : तुकडा पाकिटात घातला आहे. काम सुबक होतं, यात वाद नाही.

आणखी ता. क. : पत्राचं खरं कारण असं, की तुमच्या घराचं वायरिंगही तुम्हीच केलं आहे. परत आलात की आमच्या वायरमनला बोर्ड उघडू द्याल का?

शेवटचा ता. क. : राहू द्या, विचारात पडू नका. काल मामीनेच दार उघडून दिलं आणि सगळं काम झालंसुद्धा. फ्रिजसमोरची चप्पल शोधू नका, मी टाकून दिली.