सून उपाशी काहून होती

माय, तुझ्या गोष्टीतली सून उपाशी का होती? हा प्रश्न माझा नाही. माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीनं तो विचारला आणि मला त्याचं उत्तर येत नाही. आपल्या घरातली पहिली पदवी माझी, खोलीत पुस्तकांचा ढीग आहे, पण त्यात ते सापडलं नाही. तू असतीस तर तुलाच विचारलं असतं. तू गेलीस तेव्हा मी सहावीत होते आणि असलं काही विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

मी आता वसमतला एका शाळेत मराठी शिकवते. अजून कायम नाही, तासिकेवर आहे. खोली करून राहते. सकाळी एकटीपुरत्या भाकरी थापायच्या आणि संध्याकाळी त्यातलीच उरलेली खायची. शेजारच्या खोलीतला टीव्ही भिंतीतून ऐकू येतो, तेवढीच सोबत. सध्या कथेचे घटक शिकवते आहे, असं बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "गोष्टीचं काय शिकवायचं असतं? ऐकायची अन् झोपायचं." मग मी हवापाण्याचं विचारलं. खरं तर मला सांगायचं होतं की हे शिकवायला मला फार आवडतं. काय घडलं ते कथानक. ज्यांच्या बाबतीत घडलं ती पात्रं. कुठे आणि कधी, ते वातावरण. कुणाला काय हवंय आणि आड काय येतंय, तो संघर्ष. आणि सांगणारा तो निवेदक. मुलांना गोष्ट अशी उलगडता आली, तर उद्या माणसंही उलगडता येतील, असं मला मनापासून वाटतं. पण हे ऐकायला समोर कुणी नसतं.

पुस्तकातली कथा वर्गाला काही भिडेना, म्हणून मी तुझी सांगितली. सांगताना मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. दिवेलागण झाली आहे, कारण दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. तू चुलीपुढे आहेस. कुणीतरी हुंकार देत राहायचं, हुंकार थांबला की गोष्ट थांबली. आम्हा पोरांचे डोळे मिटायचे, म्हणून ते काम आजीकडे. ती दाराशी वाती वळत हं, हं करते आणि तू सांगतेस: सासूनं धान्याच्या कणगीत गुळाची ढेप लपवली. सासू शेतात गेल्यावर सून गुळासाठी कणगीत उतरली आणि तिथंच अडकली. सासू परत आली, तर हिनं आतून भुताचा आवाज काढला. सगळं गाव जमलं. शेवटी सासूनंच आत वाकून तिला वेणीला धरून वर ओढलं, गुळानं माखलेलं तोंड पदरानं पुसलं आणि म्हणाली, "अगं, मागितला असता तर दिला नसता का?" इथं आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची.

वर्गही हसला. मी विचारलं, स्थळ कोणतं? "कणगी." संघर्ष कुणाकुणात? "सून अन् गूळ, मॅडम." मग तांड्यावरून येणारी एक मुलगी उभी राहिली. ती एरवी तोंड उघडत नाही.

"पर मॅडम, ती सून उपाशी काहून होती?"

"उपाशी कुठं? खादाड होती," मागून एक पोरगा म्हणाला.

"खादाड माणूस तूपपोळी खातंय. कणगीत बसून नुसता गूळ न्हाई खात." मग तिनं मला विचारलं, "गोष्ट कोण सांगत होतं?"

"माझी आई."

"अन् हुंकार कोण देत होतं?"

"आजी. आईची सासू."

"मंग बराबर हाये," म्हणाली आणि खाली बसली. पुन्हा हशा झाला. मीही हसले, जरा उशिरा.

तेव्हापासून तो हशा माझ्या कानातून जात नाही. पुस्तकात निवेदकावर अख्खं पान आहे, हुंकार देणाऱ्यावर एक ओळ नाही. तू सगळ्यांच्या मागून जेवायचीस. भाकरीच्या टोपल्यात तुझ्यासाठी काय उरायचं ते मी कधी पाहिलं नाही, मी झोपलेली असायचे. एकदा मी म्हणाले होते, ही सून येडीच आहे. आजी न्हाणीकडे गेली होती. तू तव्यावरची भाकरी उलटत म्हणालीस, "येडी न्हाई माय, घाईत होती." आजी परत आली आणि तू पुढची गोष्ट सांगायला लागलीस.

गेल्या रविवारी मी कुरुंद्याला घरी गेले. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती. आजी एका कडेला बसून हळदीचे गोल गट्टू आणि लांब कांड्या वेगळ्या करत होती. मी म्हटलं, गोष्ट सांगते.

"दिवसा? मामा वाट चुकल तुझा."

"त्याच्या मोबाइलमधी नकाशा हाये, आजी."

"त्याला बायकोबिगर कोणी वाट दाखवली हाये आजपोत? सांग."

मी ती कणगीची गोष्ट सुनेच्या तोंडून सांगितली: मला भूक लागली होती, म्हणून मी कणगीत उतरले. हुंकार थांबला. आजीचे हात हळदीवरच राहिले.

"तुझी माय अशी सांगत नव्हती."

"तुझ्यापुढं कशी सांगंल?"

ती पुन्हा हळद निवडू लागली. मग एक कांडी उचलून म्हणाली, "मला तरी कोणी इचारलं होतं, जेवली का म्हणून?" आणि थोड्या वेळानं, "सांग पुढं." पण पुढचं मला येत नव्हतं. तिच्यावर रागवायचं ठरवून गेले होते, तेही जमलं नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तू असतीस तरी टाकता आलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं. घरातल्याच कुणाकडून वाचून घेतलं असतंस, आणि मग मला वेगळं लिहावं लागलं असतं.

मी आता नोकरीवाली, म्हणून माझं ताट बाबा आणि काकांच्या पंगतीत मांडतात. त्या रविवारी दुपारी मी काकूचं ताट माझ्या शेजारी मांडलं आणि ती बसेपर्यंत घास घ्यायचा नाही, असं ठरवून बसले. "असं काय करून राहिली? तव्यावर भाकर हाये माझी," ती म्हणाली. मी तवा उतरवून ठेवला. बाबा ताटातली भाकर कुस्करत बसले. शेवटी काका म्हणाले, "बस आता. पोरीची भाकर वाळून राहिली." काकू बसली. तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं, पण ती अंग चोरून, मान वर न करता भराभर जेवली. आणि खरं सांगते माय, तिला वाढताना भाजी पुरेल का, हा हिशेब माझ्याही मनात आलाच. भाजी पुरली नाही. त्या दिवशी ती सगळ्यांनाच थोडी कमी पडली.