शेवटच्या खांबावरचं घर

अण्णा, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी एकदाही भांडले नाही. आजही केजच्या बाजारात एखादा म्हातारा मला थांबवतो, "तू वायरमनची पोरगी न्हवं? लई सरळ मानूस व्हता बघ," म्हणतो आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. मी चहा पिते आणि मान हलवते. आता ते मान हलवणं माझ्याच्यानं होत नाही. मला तुमचा राग आलाय, चांगला सणसणीत, आणि का आलाय ते सविस्तर सांगितल्याशिवाय मी थांबणार नाही. तुम्ही असता तर मधेच उठून बाहेर गेला असता. आता बसा.

तुम्ही गेलात तेव्हा माझं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष चालू होतं. पुढं मी काय करायला लागले ते तुम्हाला ठाऊक नाही. तळहाताएवढा एक कॉम्प्युटर असतो, नुसती हिरवी पट्टी आणि तिच्यावर काळे चौकोनी तुकडे. त्याला बोर्ड म्हणतात. मी तो डब्यात बसवून रेशमाच्या अळ्यांच्या शेडमध्ये लावते. शेड किती तापलंय, हवेत ओल किती आहे, हे तो बघतो, गरज पडली की पंखा आणि पाण्याचे फवारे चालू करतो आणि मालकाच्या मोबाइलवर कळवतो. आपल्याकडं आता पुष्कळांच्या रानात तुती आहे. पाटोद्यापासून धारूरच्या घाटापर्यंत माझे डबे लागलेत. या बोर्डाची मागणी फार नसते. पाच व्होल्टची वीज लागते, पण ती ठाम हवी. जरा ढिली पडली की तो बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आणि त्याच्या अंगातली उष्णता बाहेर जायला वाट लागते. तुमच्यामागं आईनंही एकरभर तुती लावली आणि घरामागं पत्र्याचं शेड घातलं. तिथं तीन वर्षं मी या दोन गोष्टींसाठी डोकं आपटून घेतलं.

का, ते तुम्हाला सांगायला नको. आपलं घर वस्तीच्या टोकाला, डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवरून निघालेल्या लाईनच्या अगदी शेवटच्या खांबावर. मधे सगळ्यांच्या विहिरींवरच्या मोटारी. दुपारी त्या सुरू झाल्या की आपला बल्ब लाल व्हायचा. मी सातवीत असताना ओढ्यापलीकडं नवी डीपी बसली. तिचा पहिला खांब आपल्या अंगणातून दिसायचा. ओढ्याकडची घरं तुम्ही स्वतः खांबावर चढून एकेक करून तिकडं जोडली. मी तुमची भाकरी घेऊन आले होते. खालून विचारलं, "अण्णा, आपलं कधी?" तुम्ही वरूनच ओरडलात, "आपलं न्हाई! वायरमनचं घर उजेडात अन् शेजारी अंधारात, हे मला लोकांच्या तोंडून ऐकायचं न्हाई. शेवटचा खांब कुनाचा तरी ऱ्हानारच. आपला ऱ्हाऊ दे." खाली उभ्या असलेल्या माणसांतला एकजण म्हणाला, "वायरमन असावा तर असा." तुमच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी खालून बघितलंय. एवढे खुश तुम्ही घरात कधी दिसला नाहीत.

आणि त्याच वर्षी आईची चक्की. बायकांच्या बचत गटाकडून तिनं ती घेतली होती, ओसरीत बसवली होती, वस्तीवरच्या बायका ज्वारी, डाळ, तिखट घेऊन यायच्या. आईचं तोंड पिठानं पांढरं झालेलं असायचं आणि ती दिवसभर बोलत असायची. तिनं एवढं बोललेलं मी नंतर कधी ऐकलं नाही. वीज कमी आली की मोटर जोर लावते, जास्त ओढते आणि तापते, हे तुम्हाला कुणी शिकवायला हवं होतं का? पहिल्यांदा जळाली तेव्हा तुम्ही धारूरहून नवी तार भरून आणलीत. दुसऱ्यांदा जळाली तेव्हा भरणारा माणूस तुमच्या तोंडावर म्हणाला, "व्होल्टेज बघा आदी." मी सोबत होते. तुम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं केलंत. तिसऱ्यांदा त्या जळक्या वासानं घर भरलं तेव्हा आईनं नुसता पट्टा काढून खुंटीला अडकवला. तुम्ही जेवायला बसलात आणि म्हणालात, "कशाला पायजे ती कटकट? मी कमावतोय की." अण्णा, तुम्ही दानशूर होतात, पण दान दिलंत ते आईचं होतं. तिला विचारलंतसुद्धा नाहीत.

मला डिप्लोमाला नंबर लागला तेव्हा तुम्ही व्होल्टेज मोजायचा मीटर आणून दिलात, पिवळा, चांगल्यातला. मी हरखून गेले. घरात जे दिसेल ते मोजत सुटले आणि दुपारी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये त्याच्या पिना घातल्या. दोनशे तीस यायला हवेत तिथं दीडशेच्या आत. मी तुम्हाला ओढत आणलं, दाखवलं. तुम्ही आकड्याकडं बघितलंत, मग माझ्याकडं, आणि म्हणालात, "मीटरचा सेल उतरला असंल." नव्या मीटरचा! तेव्हा मी हसले होते. आता आठवलं की हात शिवशिवतात.

तर आईचं शेड. दुपार झाली की माझा बोर्ड मान टाकायचा. मला आधी चार्जरचा संशय आला, म्हणून चांगला अ‍ॅडाप्टर आणला, बारीक वायर काढून जाड घातली. पण ओळीनं मोटारी सुरू झाल्या की वीज अशी खाली बसायची की तो अ‍ॅडाप्टरही हात टेकायचा. मग मी आपली वीजच सोडून दिली. शेडवर छोटं सोलर पॅनेल टाकलं, बॅटरी दिली, बॅटरीला ऊन सोसत नाही म्हणून ती रांजणाशेजारी गारव्याला ठेवली. वीज ठाम झाली, तर बोर्ड तापून बंद पडायला लागला, कारण डबा पत्र्याखाली होता. तो गुडघ्याएवढ्या उंचीवर आणला. डब्याला भोकं पाडावीत तर आई रोग नको म्हणून अळ्यांवर चुना भुरभुरते, वर फवाऱ्याची ओल, दोन्ही मिळून बोर्डाला खातात. डबा बंद ठेवावा तर आत भट्टी. शेवटी मागची बाजूच अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची केली, बोर्डाचा तापणारा तुकडा त्या पत्र्याला चिकटवला आणि पत्रा उत्तरेच्या भिंतीतून बाहेर सावलीत काढला. डबा पूर्ण बंद, आणि उष्णता भिंतीपलीकडं. मला माझा इतका अभिमान वाटला की मी त्याचे फोटो काढले.

यंदाच्या एप्रिलमध्ये बोर्ड एकदाही बंद पडला नाही. अळ्या शेवटच्या टप्प्यात होत्या, चार दिवसांत कोष धरायला बसल्या असत्या. मी बीडला, माझ्या टेबलाशी. मोबाइलवर निरोप येत होते. छत्तीस अंश. सदतीस. पंखा चालू केला. फवारा चालू केला. अडतीस. बोर्ड सगळं बरोबर करत होता आणि बरोबर सांगत होता. पण पंखा आणि फवाऱ्याची मोटर सोलरवर नव्हती, अण्णा, ती तुमच्या खांबावर होती. मी गाडी काढून पोचले तेव्हा पंख्याची पाती मोजता येत होती आणि फवाऱ्याची मोटर नुसती गुणगुणत होती. आई ओली पोती अंथरत शेडभर धावत होती. अळ्यांनी पाला सोडला होता, माना खाली टाकल्या होत्या. आईनं एक उचलून तळहातावर घेतली आणि मला म्हणाली, "तुजा डबा तर चालू हाय की गं." ती टोचून नाही बोलली. तिला खरंच कळत नव्हतं.

मी तीन वर्षं बोर्डाला वाचवत होते, कारण लाईनीला हात लावणं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ती तुम्ही ठरवलेली. मेलेल्या अळ्या खड्ड्यात टाकून आल्यावर मी आईला म्हणाले, "लाईन बदलू. त्या डीपीवर घेऊ." ती हात धुता धुता थांबली.

"त्यांनी ठिवलेली लाईन हाय ती."

"ते गेले, आई."

"ते गेले, लोकं हायेत ना. वायरमन मेला अन् बायकोनं लाईन फिरवली म्हनतील."

"म्हणू देत! तुझा अख्खा माल गेला आज!"

"वरडू नगंस. तू बीडला जाशील. मला हितं ऱ्हायचंय."

मग मी कागद घेतला आणि दुसऱ्यांच्या शेडसाठी नेहमी करते ते गणित पहिल्यांदा आपल्या घरासाठी मांडलं. पाच मिनिटं लागली. शेवटचं घर जी वीज ओढतं ती अख्ख्या लाईनीवरून येते आणि वाटेतल्या प्रत्येकाचा दाब कमी करते. म्हणजे आपण त्या खांबावर राहून कुणाचं भलं करत नव्हतो. आपण तिथून निघालो असतो तर मागं राहिलेल्या सगळ्यांना जास्त मिळालं असतं, आणि ओढ्यापलीकडच्या डीपीला एका घराचं काहीच वाटलं नसतं. तुम्हाला हे कळत नव्हतं असं मला सांगू नका. तुमचा जन्म गेला तारांवर. तुम्ही हिशोब विजेचा केलाच नाहीत, चारचौघांत आपण कसे दिसतो एवढाच केलात. मी कागद आईपुढं धरला. तिनं तो न बघताच म्हटलं, "कर काय करायचं ते."

रीतसर अर्ज दिला, रांग लावली, कुणाची ओळख काढली नाही, तेवढं तुमचं रक्त आहे. आताचा वायरमन कोवळा पोरगा आहे, त्यानं परवा दुपारी लाईन फिरवली. मी मीटर लावला. दोनशे वीस. पंख्यानं असा वारा टाकला की अळ्यांच्या रॅकवरचे कागद उडाले. आई शेडच्या दारात उभी राहून नुसती वर बघत होती.

संध्याकाळी शेजारची काकू आली, मेंढरांवाली, आपल्या आधीच्या खांबावरची. तिच्या सासूला दम्याचा त्रास आहे, उन्हाळाभर ती म्हातारी लिंबाखाली पडून असते. काकू उंबऱ्यातूनच म्हणाली, "वैनी, तुमी काय केलं वो? आमचा फ्यान लई जोरात पळायलाय. सासू घरात झोपली आज."

ती चहा पिऊन गेली. आई कप तसाच हातात धरून बसून राहिली. मला वाटलं, खुश आहे. मग ती म्हणाली, "म्हंजी माजी चक्की कुनासाठीच जळाली न्हाई."

मी कप घ्यायला हात पुढं केला, तिनं तो सोडला नाही.

"मी म्हनत व्हते, जाऊ दे, शेजाऱ्याला तर उजेड भेटतोय. येवढी वर्सं म्हनत व्हते. अन् ती म्हातारी तिकडं लिंबाखाली." तिचा आवाज चढत गेला. तुमच्या फोटोकडं बघून ती तुम्हाला एकेरीवर आली, अण्णा. "लोकांनी वा म्हनावं म्हनून मला बसिवलंस व्हय रं अंधारात? माजं काय व्हतं तुज्याजवळ? येक चक्की व्हती!" मी माझ्या आईला असं कधी बघितलं नव्हतं.

हेच तर मला हवं होतं. अळ्या मेल्या त्या दिवसापासून मला वाटत होतं की हिनं एकदा तरी तुमच्यावर चिडावं, मग आम्ही दोघी मिळून चिडू. आणि त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "असं नको बोलूस गं. त्यांनी काही मुद्दाम नाही केलं. सरळ माणूस होता तो."

आईनं माझ्याकडं बघितलं, कप खाली ठेवला आणि शेडात निघून गेली. परवापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. हे मी मोबाइलवर लिहिते आहे, कागदावर लिहिलं असतं तर तिच्या हाती लागलं असतं. तिनं एवढ्या वर्षांनी तोंड उघडलं आणि मी ते बंद केलं, तुमच्यासाठी. तुमच्यावर एवढी चिडलेली असताना. आणि अण्णा, पुन्हा ती तुम्हाला तसं बोलली तर मी गप्प बसेन, असं मला अजूनही छातीठोक सांगता येत नाही.