सार्डसनच्या शेतातला पांढरा कोपरा

३ ऑक्टोबर, शुक्रवार

संकल्प. क्लबातील मंडळी पुरलेला धातू शोधायला दिसेल त्या शेतात डिटेक्टर फिरवतात आणि बिअरच्या डब्यांच्या कड्या गोळा करतात. मी आधी वाचीन, मग खणीन. आयुष्यभर लॅटिन शिकवलेल्या माणसाने नशिबावर विसंबणे शोभत नाही.

१८८७ आणि १९४७ हे दोन्ही नकाशे एका मापाचे करून एकमेकांवर ठेवले. सार्डसनच्या शेताच्या उत्तर कोपऱ्यात जुन्या नकाशात चॅपेल, म्हणजे छोटे प्रार्थनामंदिर, आहे. नव्या नकाशात शेजाऱ्यांची डुकरांची खोपटीसुद्धा रेखलेली, तो कोपरा मात्र स्वच्छ पांढरा. निष्कर्ष उघड: चॅपेल पडले आणि त्या भूमीला पुन्हा कोणी हात लावला नाही.

हिलरी म्हणाली, डुकरे लक्षात राहिली आणि नेमके तेवढेच कसे विसरले? विवाहाला इतकी वर्षे होऊनही तिला नकाशाशास्त्र शिवलेले नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

सार्डसनकडून परवानगी मिळाली. सापडेल त्यात निम्मा वाटा त्याचा. म्हणाला, मास्तर, खाली हवे तितके खणा, वरच्या कोपऱ्यात नको. आजोबांनी तिथे नांगर घातला नाही, बापाने नाही, मीही नाही. कारण विचारले. म्हणाला, आजोबांनी कारण नाही सांगितले, नाही म्हणून सांगितले. मेंढ्यासुद्धा तिकडे फिरकत नाहीत, आणि त्या काही तुमच्या वर्गात बसलेल्या नाहीत.

उपरोध मी दुर्लक्षिला. तीन पिढ्या नांगर नाही! याहून उत्तम शिफारस कोणती? परवानगी शेताची आहे आणि कोपरा शेतातच आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दाट धुके. कोपऱ्यात एकही पक्षी नाही, गवत रोगट. डिटेक्टर चालू करताच जो किंचाळू लागला तो थांबेचना. बिघाड असावा म्हणून बॅटरी बदलली. तरीही तेच.

दोन हात खाली लोखंडी वस्तू: दंडगोल, एका टोकाला निमुळती, विलक्षण जड. चॅपेलच्या घंटेचा लोलक, निःसंशय. खात्रीसाठी फावड्याने ठोकून पाहिला. आवाज बद्द आला. शेजारी तशाच आणखी अनेक. चॅपेल श्रीमंत असले पाहिजे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

लोलक स्वयंपाकघरातील टेबलावर. व्हिनेगर आणि तारेच्या ब्रशाने घासतो आहे. तळाशी पितळी कडे निघाले. हिलरीने विचारले, घंटेच्या पोटात लपायच्या वस्तूला दागिना कशाला? मी म्हणालो, श्रद्धा. ती आपला चहा घेऊन बागेत गेली, थंडीत.

एका चिरेतून पिवळी भुकटी झिरपते. बोटे पिवळी झाली आहेत. साबणाने जात नाही. वास कडवट. मेणबत्त्यांचे मेण असावे.

१९ ऑक्टोबर, रविवार

लोखंडातील ओल काढण्यासाठी लोलक मंद आचेच्या ओव्हनमध्ये ठेवण्याचे ठरवले. हिलरीने ओव्हन देण्यास साफ नकार दिला. आत मटण आणि त्याच्यासोबत खायचे पुडिंग होते. म्हणाली, माझे यॉर्कशायर पुडिंग फुगेपर्यंत दार उघडलेस तर तुलाच आत ठेवीन. विज्ञान मटणासाठी खोळंबले, हे येथे नोंदवून ठेवतो.

वेळ सत्कारणी लागावा म्हणून काउंटीच्या पुरातत्त्व अधिकारी बाईंना छायाचित्र धाडले, चार पानी विवेचनासह. त्यांच्या मागील अहवालातील तीन चुकाही दाखवून दिल्या.

त्यांचा तत्काळ फोन आला. विवेचनाविषयी अवाक्षर नाही. म्हणाल्या, त्याला हात लावू नका, बायकोला घ्या आणि घराबाहेर पडा, दार लावत बसू नका.

२० ऑक्टोबर, सोमवार

गावाच्या सभागृहातून. आमच्या रस्त्यावरची सगळी घरे रिकामी केली, सारे येथे जमिनीवर झोपले. कोणी माझ्या शेजारी अंथरूण घातले नाही.

सैन्याच्या कॅप्टन बाईंनी समजावले. दुसऱ्या महायुद्धात त्या कोपऱ्यात तोफगोळ्यांचा साठा होता. अशी ठिकाणे छापील नकाशांतून मुद्दाम पुसली जात. म्हणाल्या, सर, तो कोपरा पांढरा होता, तो तिथे काही नव्हते म्हणून नव्हे. हिलरीने माझ्याकडे पाहिलेही नाही.

पुढे त्यांनी विचारले, गोळा तापवला तर नाही ना? ओव्हनची हकीकत सांगावी लागली. सार्डसन उठला, टोपी काढून हिलरीला म्हणाला, बाई, तुमच्या पुडिंगने गाव वाचवले. टाळ्या झाल्या. बराच वेळ.

दुपारी सैन्याने गोळा कोपऱ्यात नेऊन उडवला. सभागृहाच्या काचा थरथरल्या. उरलेले उद्या.

परवानगी रद्द. हिलरी बहिणीकडे निघाली आहे. पुडिंग भाजायचा पत्रा बरोबर नेते आहे.

माझ्या संशोधनाने नकाशात एक भर मात्र पडली. तो कोपरा आता पांढरा राहणार नाही. तिथे खड्डा आहे.