आईच्या बसकराचं वाकडं शिंग

अल्माटी, बुधवार

तीर्थस्वरूप तुरातमामा यांस,

भाचा एसेन याचा सलाम. आधी मेंढरं कशी आहेत ते कळवा, मग लंगडी घोडी, मग मामी, आणि कागद उरला तर तुमचा गुडघा. (विचारपुशीचा क्रम मी अजून विसरलेलो नाही, एवढं आईच्या कानावर घाला.) माझं म्हणाल तर मी बरा आहे. दंड तेवढे माझे राहिलेले नाहीत.

मी छापखान्यात आहे, पण गावात वर्तमानपत्राचा म्हणून सांगत असाल तर थांबवा. आमच्या मालकीणबाई रौशान तांब्याच्या पत्र्यावर सुईने चित्र कोरतात, त्यात शाई भरतात, वर ओला कागद, कागदावर लोकरीचा नमदा, आणि मग मी रुळाचं चाक फिरवतो. कागद उचलला की सगळं चित्र उलटं. डावा डोंगर उजवीकडे. वीस छाप काढले की बाई पत्र्यावर खिळ्याने रेघोट्या मारतात, म्हणजे एकविसावा निघायला नको. आपल्याकडे मेंढा चांगला निघाला तर त्याची पिल्लं धरतात. इथे चांगला निघाला म्हणून कापतात. दोन वर्षं झाली मामा, मी अजून याच विचाराने थकतो.

बाकीच्या कलावंतांबद्दल सातवीतून पळालेल्याने बोलू नये, पण चाक फिरवताना तोंड बंद आणि डोळे उघडे असतात. एकाने एकच काळा डाग नव्वद वेळा छापला आणि त्याला 'माझे दिवंगत वडील' असं नाव दिलं. (वडील प्रदर्शनात साम्से खात उभे होते. तब्येत उत्तम.) दुसऱ्याने चित्र काढायचंच सोडलं आणि चौकट टांगली, तिच्यासमोर लोक आमच्या भिंतीपेक्षा जास्त वेळ थांबले. या लोकांना हातापेक्षा तोंडाचं काम जास्त. रौशानबाईंचा हात मात्र खरा आहे. पण त्या रिकामा माळ कोरतात, नुसता माळ, एक मेंढरू नाही. मेंढराविना माळ म्हणजे काय, हे त्यांना कोणी विचारायचं?

तर झालं असं. छापखान्याचा नमदा इतका पातळ की आपल्याकडे त्यावर कोंबडीही अंड्यावर बसणार नाही. मला त्या यंत्राची दया आली. (आणि थोडा माजही आला, आपण लोकरवाले.) म्हणून आईने मी निघालो तेव्हा दिलेलं, चार शिंगांच्या नक्षीचं लोकरीचं बसकर रुळाखाली घातलं आणि चाक फिरवलं. कागद उचलला तर रिकाम्या आभाळात आईची मेंढ्याची शिंगं उमटलेली, शाई नाही, नुसता उठाव. चौथं शिंग वाकडं, तेसुद्धा तसंच.

"मेंढपाळा, कुणाला विचारून घातलंस रे?" बाई ओरडल्या. मग कागद खिडकीपाशी नेला, बराच वेळ तिरका धरला आणि म्हणाल्या, "तोंड मिट आणि चाक फिरव."

प्रदर्शनात एक विद्वान आला. तो म्हणाला, तीन शिंगं एकीकडे आणि एक कळपाविरुद्ध वळलेलं, यात घर सोडून गेलेल्यांचं सगळं दुःख आहे. मला हसू आलं, आणि मग आलं नाही. कारण ते शिंग आईने मी निघायच्या आदल्या दिवशी शिवलं होतं, माझ्याशी एक शब्द न बोलता.

एका संग्रहालयाला वीसच्या वीस छाप हवेत. सातव्यालाच बसकर भाकरीसारखं चपटं झालं. बाई म्हणाल्या, "आई आहे ना तुझी? नौरोजपर्यंत दुसरं आण, नाहीतर तूही परत येऊ नकोस." मी म्हटलं, मग खाली तुमच्या नावाशेजारी तिचंही घाला. "नमद्याचं नाव कधी कुणी घालतं का रे?" मी चाक सोडलं आणि हाताची घडी घालून बसलो. चहा झाला, दुसरा चहा झाला. शेवटी त्यांनी पेन्सिल उचलली. सातही छापांखाली आता आईचं आणि आपल्या गावाचं नाव, 'साल्किनाय, आतबाशी' असं लिहिलेलं आहे. (ते तिला वाचून दाखवा. पण आत्ता नको.)

मोठ्यांना सलाम, लहानांना चिमटे.

तुमचा,
एसेन

ता. क. मामा, पत्राचं कारण हेच की आईकडून तसंच बसकर शिवून घ्या. माप जुनंच.

दुसरा ता. क. चौथं शिंग वाकडंच हवं. मुद्दाम सांगितलं तर ती म्हणेल, मला काय शिवता येत नाही? तिचं शिंग रागातच वाकतं. म्हणून आधी सांगा, एसेन यंदाही येत नाही. मग सुई हातात द्या.

तिसरा ता. क. बसकर न्यायला मीच येतोय, नौरोजच्या आठवडाभर आधी. शेवटचा टाका पडेपर्यंत तिला कळू देऊ नका. कळलं तर शिंग सरळ येईल.