तनयाचा पिवळा स्वेटर

नोएडा
रविवार, ११ जानेवारी २०२६
दुपारचे सव्वातीन

प्रिय ताई,

आई आत झोपली आहे आणि मी गॅलरीत बसून तिनं सकाळी विणलेलं उसवतो आहे. चार दिवस नुसतं धुकं होतं, आज ऊन पडलं, म्हणून समोरच्या इमारतीत सगळ्यांनी रजया बाहेर काढल्या आहेत. तू म्हणशील, याला फोन करायला काय झालं? घरी तुझा आवाज आला की आई लगेच स्पीकर लावायला सांगते. कंपनीतून तुला दोनदा लावला. तू “बोल रे” म्हणालीस आणि मी तनयाच्या सर्दीची चौकशी करून ठेवून दिला. म्हणून लिहितो आहे. हा कागद तिसरा, आधीचे दोन खाडाखोड झाली म्हणून फाडले.

मला विणता येतं, हे तुला माहीत नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या चेतनाजींनी शिकवलं. त्या मेरठच्या. आपण सुया म्हणतो त्यांना त्या सलाई म्हणतात आणि टाक्याला फंदा. पहिल्या दिवशी मी सुया इतक्या आवळून धरल्या, की त्या म्हणाल्या, “भैया, ज़रा ढीला छोड़ो, सलाई कहीं भाग नहीं रही!” उजवी सुई टाक्यात घालायची, लोकर तिच्याभोवती फिरवायची, तो वेढा ओढून पुढे काढायचा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. झाला सुलट टाका. मला तो सोडतानाच धास्ती वाटायची. वाटायचं, सगळंच निसटेल. माझं विणकाम पुठ्ठ्यासारखं कडक व्हायचं आणि चेतनाजी हसत हसत सगळं उसवायच्या. कोणासाठी शिकतोय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी तनयाचं नाव सांगितलं. “ऐसा मामा सबको मिले,” असं त्या मजल्यावरच्या सगळ्या बायकांना सांगून आल्या. तेव्हापासून लिफ्टमध्ये कुणी भेटलं की मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, मी लाजतो.

आईचं असं आहे, की ती सुया हातात घेतल्या की अजून शांत होते. पण ओळ अर्धी झाली की थांबते, खिडकीबाहेर बघते, आणि परत सुरुवात करते ती उलट्या बाजूनं. मग मध्येच भोक पडतं. टाके वाढत जातात, पट्टी एका अंगाला पसरते. पूर्वी ती टीव्ही बघता बघता पानांची नक्षी काढायची, तुझ्या त्या लाल स्वेटरवर होती तशी. आता ती संध्याकाळी पट्टी वर धरते आणि मला विचारते, “हे कुणी रे बिघडवलं?” मी म्हणतो, लोकर खराब आहे गं. तिला ते पटतं. तिला माझं सगळं पटतं, ताई.

ऑक्टोबरात बारशाला आम्ही आलो होतो, तेव्हा तिनं नचिकेत भाऊजींना एकाच जेवणात चार वेळा विचारलं, की तुमचं गाव कोणतं. सगळे हसले. तेच हसले नाहीत. आम्ही निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “उन्मेष, केतकीची रजा संपली की दिवसभर आईच असणार तनयाजवळ. जमेल ना त्यांना?” मी म्हणालो, बिल्कुल जमेल, प्रवासानं दमलीय. इथं आल्यावर तुझा फोन आला, की आईला तनयासाठी स्वेटर विणायला सांग, म्हणजे यांची शंका जाईल. आईनं सुरुवात केली आणि तिसऱ्या दिवशी मी चेतनाजींचं दार वाजवलं.

तुझ्याकडे आला तो पिवळा स्वेटर मी विणला आहे. आई प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घेते, त्यामुळे तिची कड सरळ येते. तेसुद्धा मी मुद्दाम केलं, कारण तू कड बघणार हे मला ठाऊक होतं. तू विचारलंस, “आई, या वेळी इतकी साधी वीण का गं?” ती बोलायच्या आत मीच उत्तर दिलं, की बाळाला टोचू नये म्हणून. मग तू सांगितलंस, की तो स्वेटर बघून भाऊजी म्हणाले, चला, आता काळजी नाही. त्या रात्री मी निवांत झोपलो. खूप दिवसांनी.

परवा चेतनाजींना खाली दूध आणायला जायचं होतं. नातू आठ महिन्यांचा आहे. त्यांनी त्याला आईच्या पलंगावर ठेवलं, “आंटीजी, बस पाँच मिनट” म्हणाल्या आणि गेल्या. मी न्हाणीघरात होतो. बाहेर आलो तर आई घरात नव्हती, जिन्यात उभी राहून धुक्याकडे बघत होती. मूल पालथं होऊन पलंगाच्या अगदी कडेला आलं होतं, एक हात खाली लोंबत होता. मी उचललं. काही झालं नाही. आईला विचारलं तर म्हणाली, “कुणाचं बाळ?” आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? हे ताईला कळता कामा नये. बाळ छातीशी धरून मी हा विचार करत होतो. दूध घेऊन आलेल्या चेतनाजींनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं समजलं. फक्त एवढंच विचारलं, “दीदी को बताया है न?” मी हो म्हणालो.

सांगितलं नाही, कारण मला तिला तुझ्याकडे पोचवायचं होतं. बाबा गेल्यापासून मी तिच्याजवळ आहे. कंपनी मला गुरुग्रामच्या गोदामावर सुपरवायझर करायला तयार आहे, बारावी नापास माणसाला असं कोण विचारतं? पण तिथं रात्रपाळी आहे आणि तिला रात्री एकटं ठेवता येत नाही. मला मोकळं व्हायचं होतं आणि त्यासाठी मी तुझी मुलगी पणाला लावली. आई सांभाळू शकते, याचा पुरावा म्हणून मी तो स्वेटर विणला.

पत्र एवढ्यासाठीच, की तुझी रजा संपायच्या आत तू तनयासाठी दुसरी सोय बघ. आईच्या भरवशावर राहू नकोस. भाऊजींना सांग, त्यांची शंका बरोबर होती आणि मी त्यांच्याशी खोटं बोललो. वाटलं तर हेच पत्र त्यांना दाखव. तुझ्याकडे यायची चोवीस तारखेची तिकिटं मात्र मी रद्द करत नाही, कारण आई रोज तनयाचं नाव घेते, कधी कधी ते तुझंच नाव आहे असं समजून. आठवडाभर राहून मी तिला परत घेऊन येईन. तिच्या डॉक्टरांचं पुढे काय करायचं ते आपण दोघं समोरासमोर बसून ठरवू. तू माझ्याशी बोलणार असशील तर. आली की तनयाला तिच्या मांडीवर जरूर दे, ताई. फक्त तू तिथून उठू नकोस.

तुझाच,
उन्मेष